मी कापलेला थ्रो

अमेरिकेतल्या कोचचं उत्तर दोनच ओळींचं होतं. "मुलीचा थ्रो दिसतच नाही. एकही कट नसलेला, खऱ्या वेगातला व्हिडिओ पाठवा." सावंतांनी ते मला फॉरवर्ड केलं आणि लगेच फोन लावला.

ओमानमध्ये वादी कबीरला माझा व्हिडिओ स्टुडिओ आहे. वीस वर्षं लग्नं, बारशी आणि शाळांची गॅदरिंग. सावंत सोहारला एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांची ईशा सॉफ्टबॉल खेळते, म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. ती कॅचर, बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी आणि कोणी पुढच्या बेसकडे पळालं की तिकडे थ्रो करून आउट करणारी. कॉलेजच्या टीमने घेतलं तर स्कॉलरशिप, नाहीतर अमेरिका विसरायची. तिला बघायला ओमानला कोण येणार? कोच व्हिडिओवरच ठरवतात.

मी जीव ओतून चार मिनिटांचा व्हिडिओ केला होता. ड्रोन, म्युझिक, सोनेरी अक्षरांत नाव. बॉल ईशाच्या ग्लव्हमध्ये येतो, स्लो मोशन, तिचा चेहरा, कट, आणि दुसऱ्या बेसकडे पळणारी मुलगी आउट. सावंत जाम खूश. त्यांच्या मिसेसनी मात्र तेव्हाच विचारलं होतं, "भाऊ, थ्रो मधेच तुटतोय. वेळ कसा मोजणार?" त्या स्वतः अमरावतीला शाळेच्या टीममधून खेळलेल्या. मी म्हटलं, "वहिनी, एडिटिंग असंच असतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका." सगळी अक्कल मलाच होती ना.

कॅचरचं खरं माप म्हणजे पॉप टाइम. बॉल तिच्या ग्लव्हमध्ये आपटल्यापासून दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचेपर्यंतचा वेळ. कोच घड्याळ लावून तो मोजतो. मी नेमका तेवढाच भाग कापला होता.

शुक्रवारी पुन्हा दोन तास गाडी हाकत सोहार गाठलं. पाठ दुखत होती, ऊन तर विचारूच नका. कॅमेरा कुठे ठेवायचा ते वहिनींनी दाखवलं, ईशाच्या मागे, दोन्ही टोकं एका फ्रेममध्ये येतील असा. मी निमूट ऐकलं. दहा थ्रो झाले. त्यातला एक दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या पार डोक्यावरून गेला.

"तेवढा काढून टाका हो," सावंत म्हणाले.

"नको बाबा, राहू दे," ईशा म्हणाली. "कट दिसला की कोचला वाटेल, आय ॲम हायडिंग समथिंग."

राहू दिला. सुरुवातीला नाव, उंची, पोझिशन आणि पुढे नुसते थ्रो. म्युझिक नाही. एडिटिंग चहा गार व्हायच्या आत संपलं.

चार दिवसांनी कोचने कळवलं, थ्रो उत्तम आहेत. पहिल्यांदाच हा व्हिडिओ आला असता तर नक्की विचार केला असता. आता कॅचरची जागा गेल्या आठवड्यातच भरली. मला फार लाज वाटली. सावंत मला एका शब्दाने बोलले नाहीत, त्याने ती आणखी वाढली.

तोच व्हिडिओ वहिनींनी आणखी वीस-बावीस कोचेसना पाठवला. एका लहान कॉलेजने ईशाला घेतलं, पण अर्ध्या स्कॉलरशिपवर. उरलेल्या अर्ध्यासाठी सावंतांनी गावी परतायचं चार वर्षं पुढे ढकललंय.

व्हिडिओ बघणार कोण, हे मी आता काम घेतानाच विचारतो. सावंतांच्या चार वर्षांना त्याचा काही उपयोग नाही.