राबासाठी राखलेली वांगी

माझा नवरा वांग्यांच्या सरीत पालथा पडला होता. पाठीवरचा पंप तसाच अडकलेला, आणि त्यातलं औषध मानेवरून उघड्या पाठीवर गळत होतं. मी कोयत्यानं पट्टा कापला, त्यांना उताणं केलं. तोंडाला फेस होता. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हते.

माघ महिना, आणि अंगाची लाही होत होती. वडप्याजवळच्या आमच्या शेताला तिन्ही बाजूंनी गोदामं आहेत. सगळ्यांनी जमिनी दिल्या, हे अडून बसले. घरात आम्ही दोघंच. भिवंडीच्या बाजारात आमची वांगी विचारून नेत, त्यावर त्यांचा सगळा ताठा.

पूर्वी माघात गोधडी सुटायची नाही. झाडावर किडा आला तरी थंडीत गारठून जायचा. आता पंखा लावून झोपतो. दिवाळीनंतर पपईवर पांढरं पीठ दिसलं, मग काही वांग्यांवर. पुसलं तर बोट चिकट, आणि पिठाखाली किडे वळवळत होते. कृषी खात्याचा माणूस म्हणाला, हा पिठ्या ढेकूण, बाहेरच्या देशातून आलाय, याला उष्णता मानवते. लागलेली झाडं उपटून लगेच जाळा.

उपटली. जाळली नाहीत. भाताचं रोप टाकायच्या जागी आम्ही वैशाखात पाला, शेण, काटक्या पसरून जमीन भाजतो, तो राब. त्यासाठी वर्षभर काडी वाया घालवत नाहीत. त्यांनी ती झाडं बांधावर रचून ठेवली.

"अवं, लगेच जाला म्हनला ना तो!"

"आता जालू, आन वैशाखात काय तुझी लुगडी भाजू?"

"मंग किड्यांचं लगीनच लावा. मांडव घातलाच हाय."

"गप गं. जरा थंडी पडू दे, मरतील समदे."

थंडी पडली नाही. ढीग वाळला तसे किडे त्यातून निघाले आणि बांधाखालच्या चांगल्या वांग्यांवर चढले. बाजारात ती वांगी कुणी हातात धरेना. हे संध्याकाळी रिकाम्या हातानं नाही, भरल्या पाटीनं परत आले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन औषधं एकत्र करून भर उन्हात फवारायला गेले. उकडतंय म्हणून सदरा काढून बांधावर ठेवला.

गोदामाच्या टेम्पोत त्यांना घातलं. "अम्मा, सर पकड़ के रखो," ड्रायव्हर म्हणत होता. मी धरलं होतं. इस्पितळाच्या दारात डॉक्टरनं नाडी बघितली आणि टेम्पोतून उतरवायचीही घाई केली नाही.

वैशाखात राब मीच भाजला. तो ढीगही त्यात घातला. पाऊस सरल्यावर दारातल्या जास्वंदीवर पांढरं पीठ आलं.

त्या माघातून हे किडे वाचले, आणि आमच्या घरातली एकटी मी.