उंबरठ्याला करवत

पाठीचा कणा मोडला की माणूस संपला, असं धरून चालणारे मी पुष्कळ पाहिले. त्यात खेड्यातले होते तसे माझे नागपूरचे मार्गदर्शकही होते. खेड्यातले निदान तोंडावर बोलायचे.

सत्तरच्या दशकात, कणा मोडलेली माणसं दवाखान्यातून घरी गेल्यावर पुढे कशी जगतात, यावर मी संशोधन करत होते. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. एसटीनं मेडशीला उतरायचं आणि आतल्या गावांना पायी जायचं. मार्गदर्शकांनी बजावलं होतं, "तुम्ही फक्त पाहायचं. कुणाच्या घरात लुडबुड करायची नाही." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

एका गावात, बौद्धवाड्यात, ती भेटली. विशी नुकतीच ओलांडलेली, कडब्यानं भरलेल्या बैलबंडीवरून पडलेली. कमरेखाली जीव नव्हता, पण हात असे की जातं एकटीनं ओढायची. दळण, भाकरी, भांडी सगळं जमिनीवरच, त्यामुळे घरात तिचं काही अडत नव्हतं. अडायचं ते दारात. वीतभर उंच सागवानी उंबरठा. हातांवर अंग उचलून सरकायचं मी तिला शिकवलं होतं, पण एवढा उंबरठा तसा ओलांडता येईना. अंग ओढताना मांडी सोलून निघायची आणि तिला कळायचंही नाही. पुढच्या खेपेला पाहिलं तर जखम खोल उतरलेली. कणा मोडून वाचलेली माणसं अशा जखमांनी मरतात, हे मी तोवर पाहिलं होतं.

"उंबरठा कापा," मी सासूला सांगितलं.

सासू तिची सख्खी आत्या. ती उसळली. "भरल्या घराचा उंबरा कोणी कापते काय, बाई? घर बसते!" गावच्या सुतारानंही कानाला हात लावले. आणि नवऱ्याचं ठरलंच होतं. जिला दाराबाहेर जाता येत नाही ती बायको काय कामाची? हिला माहेरी पोचवायचं आणि दुसरी करायची.

माझं डोकं फिरलं. मेडशीजवळच्या मालेगावच्या बाजारातून करवत घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर धरून निघाले. लुडबुड तर लुडबुड!

पोचले तेव्हा अंगणात बंडी जुंपलेली, तिचं गाठोडं वर टाकलेलं. म्हणजे आजच नेणार होते. नवरा बैलांपाशी, आत्या दाराशी. मी आत जाऊन करवत तिच्यापुढे ठेवली.

तिनं करवत उचलली आणि उंबरठ्याशी सरकली. आम्हा उभ्या माणसांना वाकावं लागलं असतं. तिच्या तो अगदी हाताशी होता.

"ओ पोरी, काय करून राह्यली? घर बुडवतं काय?" आत्या ओरडली.

"आत्या, दीक्षा घेतली तवा घरातले सारे देव तुमीच आपल्या हातानं नदीत टाकले ना? तवा घर पडलं नाही. मंग या लाकडानं कसं पडन?"

करवत चालू झाली. साग कठीण, पोरगी घामानं निथळली. थांबायची, दम घ्यायची, पुन्हा लागायची. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुमी नोका, ताई. घर माह्यं हाय." शेजारच्या बाया जमल्या. आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पुढे सरकून पाहू लागल्या. एक टोक सुटलं, मग दुसरं. तिनं लाकूड अंगणात ढकलून दिलं.

खाली पोतं टाकून, हातांवर अंग उचलत ती बाहेर आली. मांडी कुठंच घासली नाही. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. सरकत सरकत ती थेट बैलांच्या पुढ्यात जाऊन बसली.

"बैल सोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी कुठी जात नाही."

तो आईकडे पाहू लागला. आत्याची नजर अंगणात पडलेल्या लाकडावर होती.

"माह्याकडं काय पाह्यतं?" ती लेकावर खेकसली. "घरवालीनं सांगतलं ना? सोड बैल!"