हळदमेरचा फाटा

अगोदरच सांगून टाकते, मी भूगोलाची शिक्षिका आहे. अकरावी-बारावीला शिकवते. या सदरातले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण त्यातले निम्मे 'जागरण' आणि उरलेले 'ॲसिडिटी' म्हणून सोडून देते. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना थोडी लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

आम्ही सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या बाजूला राहतो. घरात मी, नवरा बसवराज आणि सासरे. त्यांना मी मामा म्हणते, बसवराज अप्पा म्हणतो. मामा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. मंद्रूप, अक्कलकोट, करमाळा, सगळ्या लाईनी केल्या. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि मामांचं बोलणंच आटलं. बसवराजशी ते कन्नड बोलायचे, तेही थांबलं. जेवायला हाक मारली की यायचे, 'व्हय' किंवा 'न्हाय' म्हणायचे आणि परत खिडकीपाशी जाऊन बसायचे. पुण्याच्या माझ्या मोठ्या दिरांचं म्हणणं होतं की ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, तिकडे एका संस्थेत चांगली सोय आहे, मामांना घेऊन या. बसवराजला ते पटत नव्हतं. पण नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं.

आता खेळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर मित्रांबरोबर फासे टाकून गोष्ट खेळायचा खेळ असतो. प्रत्येकजण त्या गोष्टीतलं एक पात्र होतो, आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की फसली ते फासे ठरवतात. श्रीनिवास — त्याच्या घरचे टॉवेलचे माग आहेत — तो बुटका लढवय्या. यास्मिन दातांची डॉक्टर, खेळात ती चोर. बसवराज जादूगार, पण त्याला मंत्र आठवत नाहीत. आणि ज्या जगात हे सगळं चालतं ते जग मी सांभाळते. त्याचा नकाशा मी मोठ्या ड्रॉइंग शीटवर काढलाय. नद्या उताराने वाहतात, डोंगराच्या एका अंगाला पाऊस पडतो, दुसऱ्या अंगाला पडत नाही. श्रीनिवास म्हणतो, मॅडमना उडणारा ड्रॅगन चालतो, पण उलटी वाहणारी नदी चालत नाही. खरंय ते.

मे महिन्याच्या सुट्टीत मी एक तयार साहस, म्हणजे खेळायची आयती गोष्ट, विकत घेतलं, परदेशातल्या लहानशा प्रकाशनाचं इंग्रजी पुस्तक. हाल्डमेअर नावाचं गाव, गावाला खारं तळं, तळ्याकाठी बंद पडलेली पिठाची चक्की, आणि चक्कीत काहीतरी आहे. पहिल्याच पानावर लेखकाने लिहिलं होतं, हे गाव तुमच्या जगात हवं तिथे ठेवा. वाचायला सोपं वाटतं. पण हे रेडिमेड ब्लाऊजसारखं असतं, आपल्या मापात बसवायला तीन ठिकाणी उसवावं लागतं. मी पहिलं प्रकरण वाचलं, टिपणं काढली आणि पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवलं. कुलूप श्रीनिवाससाठी. तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि पुढची पानं वाचून येतो.

चार दिवस मी नकाशासमोर बसले होते. पेन्सिलने तीन फुल्या मारल्या होत्या, उत्तरेला, दलदलीपाशी आणि समुद्राजवळ. एकही मनाला येत नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मी कूलरमध्ये पाणी भरून आले, तर मामा टेबलापाशी उभे. हातात पाण्याचा तांब्या. नकाशाच्या खालच्या अंगाला, दोन डोंगरांच्या मधे, मी काहीच काढलेलं नव्हतं. तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"हळदमेर हितं हाय."

मला वाटलं, मी फोनवर यास्मिनशी बोलले ते ऐकलं असेल. म्हटलं, मामा, अजून ठरवलेलं नाही मी.

"त्यात ठरवायचं काय? गाव हाय तितं हाय."

आणि मामा खुर्ची ओढून बसले. कित्येक महिन्यांनी सलग बोलले. गावात गाडी जात नाही, फाट्यावर उतरून कोरड्या कालव्याच्या कडेनं चालावं लागतं. तळ्याचं पाणी तोंडात धरवत नाही, पण चक्कीमागच्या विहिरीचं लई गोड. खानावळवाली बाई आहे, तिच्या डाव्या हाताला चारच बोटं. तिच्या दारात काळी शेळी बसलेली असते, ती कुणासाठीच उठत नाही, ओलांडून जावं लागतं. चक्कीचं पुढचं दार उघडत नाही. मागं उत्तरेच्या भिंतीला बुटकं दार आहे, तिथून वाकून जायचं.

मी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, आणि खरं सांगते, साखर दोनदा घातली. भुताची भीती नव्हती, पुण्याची होती. हे मी बसवराजला सांगितलं की तो पुण्याच्या दादांना सांगणार, आणि पुढच्या शनिवारी दारात गाडी उभी राहणार.

चहा देऊन मी कपाट उघडलं. किल्ली माझ्या पर्समध्येच होती. न वाचलेली पानं चाळली. गोड पाण्याची विहीर होती. चार बोटांची बाई होती. शेळीचं तर चित्रच होतं, काळी, दारात आडवी. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. बसच्या पाट्यांपुरती अक्षरं येतात, एवढंच.

मागचं दार मात्र चक्कीच्या नकाशात नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं! एक गोष्ट चुकली म्हणजे बाकीचा योगायोग, असा हिशेब मी मनाशी करून टाकला. मग सहज मामांनी दाखवलेली जागा पाहिली. दोन डोंगरांमधला खोलगट भाग, पाऊस कमी, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. अख्ख्या नकाशात खारं तळं होऊ शकेल अशी ती एकच जागा. माझ्या तिन्ही फुल्या चुकीच्या होत्या. पंधरा वर्षं हा विषय शिकवतेय मी.

गाव तिथेच ठेवलं. रविवारी सगळे जमले तेव्हा मामा खिडकीपासून उठून टेबलाजवळच्या खुर्चीत येऊन बसले. खेळ रंगला. चक्कीचं दार उघडायला यास्मिनने फासे टाकले, नाही उघडलं. परत टाकले, परत नाही. पाचव्या वेळी ती फाशांवर चिडली.

"मागनं जा की," मामा म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नियमाने मी सांगायला हवं होतं की मागे दार नाही. पण मी म्हटलं, आहे, बुटकं आहे, वाका. दोघं वाकून आत गेले, आणि मागे राहिलेला बसवराजचा जादूगार मंत्र विसरला तो थेट विहिरीत पडला. मामा हसले. खांदे हलेपर्यंत हसले. बसवराज पाणी आणतो म्हणून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पाणी आणलेलंच नव्हतं.

नंतर मला पुस्तकाच्या मजकुरात एक वाक्य सापडलं, 'पात्रं मागच्या दाराने बाहेर पडली तर'. दिशेचा उल्लेख नाही, नकाशात दार नाही. मी लेखकाला ई-मेल केली, उत्तरेच्या भिंतीतलं दार नकाशात राहून गेलंय का? आठवड्याने उत्तर आलं. छापताना राहून गेलं होतं, क्षमस्व. सोबत त्यांचा मूळ हाताने काढलेला नकाशा. उत्तरेच्या भिंतीला बुटकं दार. खाली प्रश्न होता, ते उत्तरेला आहे हे तुम्हाला कसं कळलं?

मी तीन उत्तरं लिहून खोडली. शेवटी लिहिलं, माझे सासरे कंडक्टर होते. लेखकाला वाटलं, आमच्याकडे असं म्हणायची पद्धत आहे.

त्या संध्याकाळी मी बसवराजला सगळं दाखवलं. पुस्तक, नकाशा, ई-मेल. त्याने दोनदा वाचलं. मग दादांना फोन लावला आणि सांगितलं, अप्पा पुण्याला येणार नाहीत, रविवारी त्यांना ड्युटी असते.

मामा आता बोलतात. जरा जास्तच बोलतात, श्रीनिवासला तर टॉवेलच्या किनारीवरून सल्ले देतात. मी एकदाच विचारलं होतं, मामा, तुम्ही कधी गेला होता तिकडं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मंद्रूप कुठं आहे ते विचारलं.

गेल्या महिन्यात त्या लेखकाची परत ई-मेल आली. नवं पुस्तक लिहितायत, त्यात एक नदी आहे, पूल कुठे ठेवावा ते ठरत नाही. थट्टेतच लिहिलं होतं, तुमच्या सासऱ्यांना विचाराल का? सोबत कच्चा नकाशा होता. मी प्रिंट काढून मामांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.

"ही लाईन माझी नव्हती. विचारून सांगतो."

त्या आठवड्यात मामांचा पाय मुरगळलेला होता. ते घराबाहेर पडले नाहीत. मला रजा होती, त्यामुळे मी दिवसभर घरातच. त्यांचा मोबाईल दुरुस्तीला दिलेला. आमच्याकडे कुणी आलं नाही, गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेंगा सोलता सोलता मामा म्हणाले, "विचारलं मी. पूल न्हाई तितं. होडी हाय, चिंचेच्या खालच्या अंगाला."

या सगळ्याचा खुलासा माझ्याकडे नाही. भूगोलात तर नाहीच. कुणाला विचारलंत, हे अगदी जिभेवर आलं होतं... पण मी तोंड मिटलं आणि लेखकाला लिहून टाकलं, पूल नको, होडी.