खुर्चीशेजारी उभा असलेला वकील

अमेरिकेत लेकीकडे गेले होते, तेव्हा तिच्या गावातलं जुनं कोर्ट बघायला गेलो. तिथल्या लांब व्हरांड्यात केंद्र सरकारच्या वकिलांचे फोटो ओळीनं लावलेत. सगळे एकाच कोरीव खुर्चीत ऐसपैस बसलेले. शंभरेक वर्षांपूर्वीचा एक मात्र खुर्चीशेजारी उभा.

"हा का नाही बसला?" मी विचारलं. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारानं सांगितलेली हकीकत लेकीनं मला मराठीत सांगितली. सरकारी जंगल तोडून विकणाऱ्या बड्या धेंडांवर यानं खटला भरला. त्यांच्यातल्याच एकानं शब्द टाकून याला ही नेमणूक मिळवून दिली होती. खटला मागे घे, असा वरून निरोप आला. यानं घेतला नाही, म्हणून याला काढलं. शेवटच्या दिवशी फोटोवाला म्हणाला, "बसा." तर हा म्हणाला, "खुर्ची त्यांची आहे. पाय माझे आहेत."

मला आपल्याकडच्या साहेबांच्या खुर्चीवरचे पांढरे टॉवेल आठवले. टॉवेल मळतो, बदलतो. त्याला टेकलेला माणूस हलत नाही. त्या खुर्चीसाठी लोक जन्मभर वाकतात, आणि त्यालाच आपण चढती कमान म्हणतो!

"म्हणजे करिअर संपलंच की गं बिचाऱ्याचं," लेक म्हणाली.

"बिचारा कसला? बसलेल्यांपैकी एकाची तरी गोष्ट सांगितली का त्या म्हाताऱ्यानं?"

तिनं फोटोंच्या ओळीवरून नजर फिरवली. मग बाकाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, बस ना जरा. गुडघे दुखतील तुझे."

"दुखू देत," मी म्हटलं, आणि त्याच्या फोटोसमोर उभीच राहिले.