पेवातला कोळसा

दगडी कोळसा म्हणजे एकेकाळचं जंगल, असं मी घरात सांगितलं तेव्हा माझ्या आजोबांनी, आबाजींनी, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला मामाकडे कारंज्याला शिकायला ठेवल्याचं हे फळ, असं ते बाबांना म्हणाले. मला भयंकर राग आला. आमच्या बाईंनी वर्गात खाणीतल्या दगडावर उमटलेलं पान दाखवलं होतं. त्याच्या शिरा मी बोटाने चाचपल्या होत्या. मग मी गप्प बसणार होते होय?

मी पुन्हा सगळं सांगितलं. दलदलीतली झाडं पाण्यात पडली, वर गाळ बसला, हवा लागली नाही म्हणून ती पुरती कुजली नाहीत. गाळावर गाळ चढत गेला. त्या ओझ्याने आणि जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. रॉकेलही असंच, समुद्रातल्या बारीक जिवांचं. याला वेळ किती लागतो, असं बाबांनी विचारलं. फार वर्षं, असं मी म्हणाले.

महायुद्धामुळे तेव्हा रॉकेल मिळेनासं झालं होतं. कापसाची बैलबंडी घेऊन बाबा कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनात जात, तिथला कोळशाचा ढीग त्यांनी पाहिला होता. उकिरड्याचं खत एका पावसाळ्यात होतं, मग कोळसा दोन पावसाळ्यांत व्हायला हरकत नाही, असा त्यांनी विचार केला. ज्वारी साठवायचं आमचं एक पेव रिकामं होतं. त्या खड्ड्यात त्यांनी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या ठेचून भरल्या, पाणी ओतलं, वरून चिखल लिंपला. गाव हसलं. आबाजींनी चारचौघांत अट घातली, पेवात कोळसा झाला तर पोरगी शिकेल, नाहीतर तिचं लग्न. बाबा हो म्हणाले. मला कोणी विचारलंच नाही.

दोन पावसाळे गेले. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा आबाजींनी माणसं जमवून पेव उघडलं. भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून आत हवाही गेली होती आणि वाळवीही. घाण वास आला, हाताला नुसता काळपट भुसा लागला. माझ्यासाठी स्थळ आधीच पाहून ठेवलं होतं. बाबा मान खाली घालून उभे होते आणि ते पाहून माझं टाळकंच सटकलं. माझ्या शब्दावर ज्या माणसाने पेव भरलं, त्याने मान का म्हणून खाली घालायची?

"झाला काय कोळसा?" आबाजींनी मला विचारलं.

"नाई झाला," मी म्हणाले. "त्याले लाखो वर्षं लागतात, आबाजी. तुमी अटीत मुदत कुठी घातली होती?"

जमलेल्यांत कोणीतरी फिसकन हसलं. आबाजींनी काठी आपटली. "मंग तोवर काय करशीन?"

"शिकीन."

बाबांनी मान वर केली. फावडं उचललं आणि पेवावर माती लोटायला लागले.

"कच्चं हाये अजून," ते आबाजींना म्हणाले. "पोरगी जाईन कारंज्याले."