एकाच तव्यावरची घावनं
घावनांचा वास आला की मुलुंडचा तो क्लास आठवतो. ऐंशीच्या दशकात, बोटीवर दोन वर्षं काढलेला एक गृहस्थ आपल्या हॉलमध्ये डच शिकवायचा आणि दक्षिण आफ्रिकेतलं, डचमधूनच निघालेलं आफ्रिकान्सही येतं म्हणून मिरवायचा. एकदा त्याने फळ्यावर 'पानेकूक' लिहिलं, म्हणजे तिकडचं घावन. म्हणाला, "पान म्हणजे तवा, कूक म्हणजे केक, मधला ए म्हणजे अनेक. दोन्ही भाषांत." माझ्या शेजारी बसणारी मालवणची नर्स म्हणाली, "सर, पण घावन एकाच तव्यावर होतं ना? अनेक तवे कशाला?" "तू चूल सांभाळ," तो गुरकावला. ती वही मिटून गेली ती परत आलीच नाही. बरोबर तीच होती; तो ए दोन शब्दांना नुसता जोडतो. मग त्याच्या बायकोने आतून एकाच तव्यावरची गरम घावनं आणली आणि त्या शहाण्याने ती मिटक्या मारत खाल्ली. त्याची अजून किळस येते, पण जुन्या वहीत 'अनेक तवे' हे माझ्याच सुवाच्य अक्षरात आहे.