गोरं करून द्या

बाईचा आवाज मी जिन्यातच ओळखला. "हितंच का ते शूटिंगवाले?" असं ती खालच्या शेतीऔषधांच्या दुकानात विचारत होती. मंचरला हायवेच्या कडेला बोलायचं तर ट्रकांच्या वरताण ओरडावं लागतं, पण ह्या बाईला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नव्हते. माझे हात कीबोर्डवर थांबले. हा आवाज ऐकून चार वर्षं झाली होती.

आमचा स्टुडिओ म्हणजे एकच खोली. धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग करतो आणि त्याचं एडिटिंग मी करते. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम भावाचं, मी भिंतीकडे तोंड करून कॉम्प्युटरसमोर बसलेली असते. बाई आत आली, मागून तिचा मुलगा आला. मुलाच्या लग्नाचं शूटिंग ठरवायचं होतं, प्री-वेडिंगसकट. मी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. तिनंही माझ्याकडे पाहिलं आणि पंख्याकडे बघावं तसं बघून नजर पुढे नेली.

चार वर्षांपूर्वी ही बाई घोड नदीकाठच्या आमच्या घरी मला बघायला आली होती. ह्याच मुलासाठी. मुलगा सगळा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून होता. मी रंगानं काळी आहे. सावळी, निमगोरी वगैरे नाही, चांगली काळी आहे. पोहे खाऊन झाल्यावर बाईनं मला जवळ बसवलं, माझी बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात उलटा करून आतली बाजू बघितली. बाजारात बटाटा घेताना माणूस नखानं साल खरवडून बघतो, तसं. मग हात सोडून दिला.

एवढ्यावर थांबली असती तरी मी विसरले असते. पण निघताना अंगणात, शेजारच्या चार बायका उभ्या असताना ती माझ्या आईला म्हणाली, "फोटुत उजळ दावली आन हितं बघतो तर ही. फसवाफसवीच झाली की!" फोटो माझ्या भावानं काढला होता. तो तेव्हा नुकता कॅमेरा शिकत होता आणि आईच्या आग्रहावरून त्यानं उजेड थोडा वाढवला होता. ते वाक्य गावभर फिरलं. पुढे जे स्थळ यायचं ते म्हणायचं, फोटो नको, समोरच दाखवा. आई मला डाळीचं पीठ लावायला लावायची आणि स्वतः रडायची. मी एकदाही रडले नाही, मी नुसती जळत राहिले. फोटोत माणूस कितीसा बदलता येतो ते आता बघायचंच, म्हणून मी एडिटिंग शिकायला लागले.

दरम्यान दिवस फिरले. मुलगा शेती करतो म्हटलं की मुली पुढचं ऐकेनाशा झाल्या. जुन्नरच्या पुढे बाईची द्राक्षबाग, टोमॅटो, दारात दोन ट्रॅक्टर, पण सून मिळेना. मुलाच्या डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले तेव्हा कुठे एक मुलगी हो म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. आणि बाईनं मोबाइलवर तिचा फोटो दाखवला तेव्हा मला जे झालं त्याला आनंद म्हणणं कमीच आहे. मुलगी माझ्याच रंगाची होती, कदाचित एक छटा जास्तच.

"सून लई हुशार हाय," बाई भावाला सांगत होती. "पगार हाय, वळण हाय. फकस्त रंगानं जरा... तुमच्याकडं करत्यात ना ते? आमचं पावणं लई येणार, मोठ्या एलईडीवर लावायचंय. सगळं गोरं करून द्या."

भावानं तिला ओळखलं होतं. त्याचे कान लाल झाले होते आणि 'तारीख बुक आहे' हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला दिसत होते. मी खुर्ची वळवली.

"करून देते, मावशी. ते काम माझ्याकडंच असतं. सगळं गोरं करून देते."

"बघ, पोरगी कशी चटपटीत हाय," ती आपल्या मुलाला म्हणाली.

ती गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, सोडून दे. आपला धंदा आहे हा." मी म्हटलं, धंदा आहे म्हणूनच घेतलं. तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

प्री-वेडिंगला आम्ही घाटघरला गेलो. कड्याच्या वरच्या पठारावर वाळलेलं पिवळं गवत, समोर जीवधन किल्ला आणि ड्रोन उडवू देईना असा वारा. मुलीचे कपडे, पिना, केस बघायला बाईमाणूस लागतं म्हणून अशा वेळी मीही जाते. प्री-वेडिंगला नवऱ्याची आई आलेली मात्र मी पहिल्यांदाच पाहिली. गाडीतून तीच आधी उतरली, नवीकोरी साडी नेसून. सुनेला मिठी मारताना एक आणि गवतातून चालताना एक, असे स्वतःचे दोन शॉट तिनं आल्या आल्या सांगून ठेवले.

मेकअपवालीनं नवरीला तिच्या रंगाचं काही लावलंच नव्हतं. चेहरा पांढरा, मान काळी आणि मधे शिवण मारावी तशी रेघ. भाऊ कॅमेऱ्यातून बघायचा आणि डोळा बाजूला घेऊन माझ्याकडे बघायचा. उन्हात नवरी घामेजली आणि ती रेघ अजूनच उठून दिसायला लागली. तेवढ्यात बाई पुढे झाली. तिनं नवरीचा हात धरला, बांगड्या वर सारल्या, हात उलटा केला आणि मला हाक मारली.

"ये पोरी, हिकडं बघ. आतनं उजळ हाय का नाय? बाकीचं उन्हानं झालंय. ह्यो रंग धर आन आख्खं असं कर."

नवरी हात तसाच ठेवून कड्याकडे बघत उभी होती. तो हात मला माझाच वाटला. मी बाईला म्हटलं, "हो मावशी, समजलं." माझ्या आवाजात कसलाही कंप नव्हता, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो.

कपडे बदलायला मी नवरीला गाडीत घेऊन बसले. तिनं पर्समधून ओला रुमाल काढला आणि गालावर घासत मला विचारलं, "ताई, तुम्ही खरंच मला गोरी करणार?"

"तुला काय पाहिजे?"

"मी आहे तशी दिसले पाहिजे. माझे पेशंट ह्या तोंडाला ओळखतात. आणि तो पण हे तोंड बघूनच हो म्हणालाय. चांगला आहे तो, आईपुढं तोंड उघडत नाही एवढंच."

मग मी तिला माझी गोष्ट सांगितली. अंगण, फोटो, हात, सगळं. ती आधी हसली. मग हसणं थांबलं आणि तिनं रुमालाची घडी करून पांढरा डाग आत घेतला. म्हणाली, "तुम्हाला काय करायचं ते करा ताई. माझं तोंड तेवढं माझं राहू द्या." तिनं चेहरा स्वच्छ पुसला, बाहेर गेली, आणि उरलेलं सगळं शूटिंग आम्ही तसंच केलं. सासूबाई तेव्हा वाऱ्याला कंटाळून दुसऱ्या गाडीत काचा लावून झोपल्या होत्या.

मी ते एडिटिंग जसं केलं तसं त्याआधी कुठलंच केलं नव्हतं. माणूस गोरं करणं हे अडाणी काम आहे. उजेड ओढायचा, कातडीचा रंग धुवायचा, झालं. मग हळद फिकट होते, सोनं पितळेसारखं दिसतं, तरी लोक खूश असतात. काळ्या माणसाला काळं ठेवून देखणं दाखवायला अक्कल लागते. मी नवरीच्या गालावर पडलेलं संध्याकाळचं ऊन राहू दिलं. सावल्या राहू दिल्या. गवताचा पिवळा थोडा दाबला, म्हणजे तिचा रंग वर आला. मेकअप पुसण्याआधीच्या मिठीच्या शॉटमध्ये तिचा चेहरा मानेच्या रंगावर आणला. मुलाला त्याच्या रंगावर ठेवलं, त्यानं माझं काही वाकडं केलं नव्हतं. आणि सासूबाईंना मी गोरं केलं.

अगदी मनापासून केलं. सांगितलं होतं ना, सगळं गोरं करून द्या? मिठीच्या शॉटमध्ये एवढं गोरं केलं की नाक गालात मिसळलं. कुंकू गुलाबी झालं, नथ पांढरी पडली. गवतातून चालताना तर सासूबाई पिठाच्या डब्यातून नुकत्याच बाहेर आल्यासारख्या दिसत होत्या. दर शॉटला मी खुदकन हसत होते आणि भाऊ कपाळाला हात लावून बसला होता. मुलगा बघायला आला तेव्हा भावानं भीतभीत ती फिल्म मोबाइलवर दाखवली. मुलानं फिल्ममधल्या आईकडे बघितलंच नाही. "ही काय भारी दिसतीय राव," म्हणाला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावायला लावला. आई म्हणे मोठ्या पडद्यावरच बघणार होती.

लग्न जुन्नर रस्त्यावरच्या कार्यालयात होतं. मुहूर्त टळून गेला होता, कारण आशीर्वाद द्यायला येणारे पुढारी अजून वाटेत होते. बसलेल्या लोकांना काहीतरी दाखवायला हवं म्हणून भावानं फिल्म सुरू केली. पडद्यावर नवरी आली आणि बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. "कोण गं ही? काय तेज हाय!" असं माझ्या मागून कुणीतरी म्हणालं. मी मागे वळून बघितलं नाही, मला पुढचा शॉट चुकवायचा नव्हता.

पुढचा शॉट मिठीचा होता. क्षणभर कुणाला काही कळेना. मग नवऱ्याचा मामा, म्हणजे बाईचाच भाऊ, फेटा सावरत मोठ्यानं बोलला, "आरं, आक्काला कुणी पिठात लोळावली?" पहिल्या रांगा हसल्या, मग मागच्या हसल्या. ज्यांना ऐकू गेलं नव्हतं ते शेजारच्याला विचारून हसले. काळीभोर, चमकणारी सून आणि तिच्या गळ्यात पडलेली ती पांढरीफट्ट सासू, बारा फुटी पडद्यावर हळूहळू गोल फिरत होत्या.

पैठणीचा घोळ सावरत बाई आमच्या टेबलापाशी आली. "ह्ये काय केलंय?"

"काय झालं मावशी? गोरं करून दिलं."

"मला कुणी सांगितलं व्हतं? आगं, तिला..."

"तिला काय, विहीणबाई?" नवरीची आई शेजारीच उभी होती, आपल्या दोन बहिणींना घेऊन. अगदी सहज विचारलं तिनं, हसून. बाईला जे म्हणायचं होतं ते चारचौघांत म्हणता येण्यासारखं नव्हतं. "काय न्हाई, पोरगी छान दिसतीय म्हणलं," असं तिला म्हणावं लागलं. ते ऐकायला मी चार वर्षं थांबले होते असं मला वाटलं.

विहीण पुढे गेल्यावर मी बाईच्या कानाशी गेले. सांगितलं की मी अमक्या गावची, तुम्ही मला बघायला आला होता, फोटोवरून बोलला होता. ती आता हबकणार, चेहरा उतरणार, हे मी मनात इतक्या वेळा बघितलं होतं.

तिनं डोळे बारीक केले. "घाऱ्या डोळ्याची तू?"

"नाही."

"मग ती, शिवणक्लास घ्यायची ती? का जिच्या बापाची पिठाची गिरण व्हती?" ती खरोखर आठवून बघत होती. "आमी लई पोरी बघितल्या गं. कुनाकुनाला ध्यानात ठिवायचं?" आणि पुढारी आले म्हणून ती मंडपाच्या दाराकडे पळाली.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. जिला मी रोज उठून शिव्या घातल्या तिला मी आठवतसुद्धा नव्हते. आमचं अंगण, माझी आई, काही म्हणजे काही नाही. भावानं माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली. अक्षता पडल्या तेव्हा मी पडद्याकडे पाठ करून उभी होते.

नंतर बाईनं फिल्म बदलून मागितली. मुलानं पहिल्यांदाच आईपुढं तोंड उघडलं आणि आहे तीच राहू द्या म्हणाला. पुढच्या महिन्यात नवरीचा फोन आला. पाहुणे आले की ती टीव्हीवर तीच फिल्म लावते, म्हणाली. सासूबाई काय म्हणतात, असं मी विचारलं. "काय म्हणणार ताई? पाहुण्यांपुढं हसतात. परवा मात्र शिव्या देत होत्या, त्या मंचरच्या काळीला मी मरेपर्यंत विसरणार न्हाई म्हणून."

त्या दिवशी मी पोटभर जेवले. आता बाजाराच्या दिवशी बाई मंचरला आली की मला लांबूनच ओळखते, पदर पुढे ओढते आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायला लागते. मीही पलीकडे जाते, तिच्यासमोर उभी राहते आणि वाकून नमस्कार करते.